दहापैकी किती दुखतं?

इंग्रजीत 'पेन' असा एक शब्द आहे. लिहायचा नव्हे, दुखण्याचा. आमच्या केसपेपरवर तो वरच्या बाजूला छापलेला असतो आणि त्याच्यापुढे एक चौकोन असतो. त्या चौकोनात शून्य ते दहा यांपैकी एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तो चौकोन भरणं हे माझं काम आहे. नर्स म्हणून आयुष्यात बरीच कामं केली, बाळंतपणं केली, लसी टोचल्या, अपघात विभागात उभी राहिले. पण एवढ्याशा चौकोनाने मला जितकं थकवलं तितकं कशानेच नाही.

आधी काम काय ते सांगते, कारण शेजारच्या बायकाही अजून मला विचारतात, "तुमी गाडीत बसून नेमकं करता तरी काय?" ज्या माणसांचा आजार आता बरा होणार नाही, आणि ज्यांना दवाखान्यात ठेवून उपयोग नाही, अशांच्या घरी आम्ही जातो. डॉक्टर मॅडम आठवड्यातून एखादा दिवस येतात, एरवी मी आणि ड्रायव्हर गेडामभाऊ. जखमा धुवायच्या, ड्रेसिंग करायचं, घरच्यांना ते शिकवायचं, आणि दुखणं कमी करायचं. आमच्याकडे बहुतेक रोगी तोंडाच्या कॅन्सरचे. आमच्या भागात खर्रा किती खातात हे इथल्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला असतो तो, आणि पाहुणा आला की पाण्याच्या आधी तो पुढे केला जातो. गेडामभाऊसुद्धा खातात. तोंडाला जखमा झालेल्या माणसाच्या दारात गाडी उभी करतात आणि गाडीमागे जाऊन पुडी सोडतात. मी बोलणं सोडून दिलं आहे. पूर्वी बोलायचे.

गोळ्या आकड्यावर ठरतात. तीनपर्यंत साध्या, चार ते सहा मधल्या, सातपासून वर मॉर्फिन. मॉर्फिन औषधाच्या दुकानात मिळत नाही. ते आमच्याकडे कुलपात असतं आणि डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय एक गोळीही बाहेर निघत नाही. म्हणजे रोग्याने आकडा कमी सांगितला तर त्याला कमी गोळी. इतकं सरळ गणित आहे. मला सरळ गणितं आवडतात. घरचा किराणा, गॅस, मुलाच्या कॉलेजची फी, सगळं मी रकाने पाडून लिहिते, आणि महिन्याअखेरी ते जुळलं नाही तर मला झोप लागत नाही. म्हणून सुरुवातीला हा आकड्याचा चौकोन मला फार पटला होता.

नर्सिंग शिकताना आमच्याकडे एक जाडी इंग्रजी-मराठी डिक्शनरी होती. त्यात 'पेन'पुढे लिहिलं होतं: वेदना, यातना, क्लेश, व्यथा, पीडा. यातला एकही शब्द मी आजवर रोग्याच्या तोंडून ऐकलेला नाही. पोंभुर्ण्याकडच्या कुठल्याही आजीने "सिस्टर, मला वेदना होत आहेत" म्हटलं असतं तर मी तिची नाडी पाहिली असती. लोक म्हणतात, ठणकून राह्यलं. चमक निघते. कळ येते. ठसठस करते. सलते. खुपते. चुरचुरते. आग होते. पोटात मुरडा येते, पाठीत उसण भरते, डोकं भणभणते. जीव लागत नाई, हेही एक दुखणंच आहे, आणि माझ्या अनुभवाने ते सगळ्यांत वाईट. इंग्रजीला या सगळ्यांसाठी एक शब्द पुरतो, आणि पुढे एक चौकोन.

मी एकदा खटाटोप करून पाहिला. एका रविवारी बसून प्रत्येक शब्दाला आकडा दिला. चुरचुर दोन, ठसठस चार, ठणका सात, कळ आठ. डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्या हसल्या, पण थट्टा म्हणून नाही. "छान आहे बाई. पण ठणका सगळ्यांचा सारखाच असतो का?" त्यांचं बरोबर होतं. पुढच्याच आठवड्यात घुग्घुसला एका म्हाताऱ्या खाणकामगाराला विचारलं, "काका, दहापैकी किती दुखतं?" ते म्हणाले, "बारा आणे." मी म्हटलं, "दहापैकी सांगा ना." ते म्हणाले, "मी सोळापैकी सांगून राह्यलो. दहावाला हिशोब तुमचा तुमी करा." मी केला. साडेसात. चौकोनात अर्धा लिहायची सोय नव्हती, आठ लिहिलं. त्यांना आराम पडला. असे रोगी मला आवडतात.

आणि मग ती बाई. गाव सांगत नाही. छातीवरची गाठ फुटलेली होती, मी जखम धूत होते, आणि ती माझ्या हाताकडे शांत बघत होती. मी विचारलं, "दहा म्हणजे सगळ्यात जास्त. तुम्हाला किती?"

ती म्हणाली, "दहा मले मालूम हाय, बाई. माझा पोरगा बोडीत बुडाला तो दिवस दहा. हे त्याच्यापुढं काय हाय? दोन लिवा."

शेतातल्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, किती पाणी असतं? पुरुषभर. मी दोन लिहिलं नाही. मॅडमना फोन लावला आणि जे ऐकलं ते तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "सात लिहा." तेव्हापासून मी आकडा विचारते, पण त्याच्यावर पूर्वीसारखा विश्वास ठेवत नाही. हिशेबी माणसाला हे फार जड जातं.

आता चहाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

माझा एक नियम होता. ज्या घरी जाईन त्या घरचा चहा घ्यायचाच. पाणी दिलं तर प्यायचंच. नियम वरून आलेला नव्हता, माझा होता. आमच्या आजोबांच्या लहानपणी गावात लोक आमच्या वस्तीतलं पाणी पीत नसत. आजोबांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली, वडील शिक्षक झाले, मी नर्स झाले, पण घरात ही गोष्ट कायम सांगितली जायची: कोणी पाणी पुढे केलं आणि समोरच्याने "नको, आताच घेतलं" म्हटलं, की देणाऱ्याला काय वाटतं. म्हणून मी कुणाच्याही घरी नको म्हणत नसे. गोंडाचं असो, मुसलमानाचं असो, तेल्याचं असो. साखर जास्त असो, दूध नासकं असो. गेडामभाऊंना हा नियम फार मान्य होता.

"बाई, चहा नाई घेतला तं लोकं म्हणतीन, गाडीवाले मोठे झाले."

"तुम्ही दोनदा घेतला, भाऊ."

"एक तुमच्या मानाचा, एक माझ्या."

युसूफचाचांकडे आम्ही जायला लागलो तेव्हाही असंच चाललं होतं. चाचा मणियार. पोंभुर्ण्याच्या आसपासच्या गावांत आयुष्यभर सायकलवर बांगड्यांची पेटी घेऊन फिरलेले. बाजाराच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी बसायचं, आणि बसल्या बसल्या खर्रा. डाव्या जबड्याला मोठी जखम झाली होती, गालातून आरपार. बोलताना तोंडाला पांढरा रुमाल लावत आणि शब्द तोडून तोडून बोलत. घरात ते, बिल्किसचाची आणि नात शबनम. शबनमचं लग्न ठरलं होतं. मुलगी आईबापांविना यांच्याकडेच वाढलेली.

आम्ही पोहोचायच्या आधी त्यांना गाडीचा आवाज कळायचा. आत जाईपर्यंत चाचा धुतलेला सदरा घालून खाटेवर ताठ बसलेले असत. समोर माझ्यासाठी खुर्ची. "बसा बाई. खुर्चीवर बसा. शबनम, पंखा लाव बाईले." मग चहा. कपबशी बाहेरची, फुलाफुलांची, घरच्यांना न देण्याची. चहा घेऊन झाला की मी विचारायची, "चाचा, दहापैकी किती?"

"दोन. तीन म्हणा."

"झोप?"

"येते ना."

"जेवण?"

"खीर घेतो. चांगला हाव मी."

एकदाच त्यांनी स्वतःहून काही मागितलं. म्हणाले, "बाई, एक काम करा. निकाहपर्यंत माझे हात चालले पायजेत. पोरीच्या बांगड्या मी भरणार हाव. या तालुक्यात लग्नाच्या किती पोरींच्या भरल्या असतीन, माझ्या नातीच्या दुसऱ्या कोणी भराव्या?" हात पुढे केला तर तो थरथरत होता. मी म्हटलं, अशक्तपणा आहे. लिहूनही घेतलं तसंच.

डॉक्टर मॅडमना जखम पाहून शंका होती. दोनदा म्हणाल्या, "एवढी जखम आणि तीन?" पण माणूस स्वतः, शुद्धीत, हसत तीन म्हणतो तेव्हा त्याला आठची गोळी कशी लिहायची? जखम पाहून मॅडमनी मधल्या गोळ्या लिहिल्या होत्या, त्याच चालू राहिल्या. लग्न जवळ येत होतं. हात थरथरत होते.

मग एक दिवस बीपीचं मशीन त्यांच्याकडे विसरलं. गावाच्या फाट्यावर लक्षात आलं. गेडामभाऊंनी कुरकुरत गाडी फिरवली, पण रस्त्यात बैलगाडी अडकलेली, म्हणून मी शेवटचा तुकडा पायी गेले. म्हणजे या वेळी गाडीचा आवाज झाला नाही.

दार उघडं होतं. चाचा जमिनीवर होते, खाटेखाली नव्हे, खाटेच्या बाजूला, कुशीवर, गुडघे पोटाशी. सदरा काढून खाटेवर घडी करून ठेवलेला. टॉवेलचं टोक चांगल्या बाजूच्या दातांत. आवाज येत होता, पण तो माणसाच्या तोंडातून येतो आहे हे कळायला मला एक क्षण लागला. बिल्किसचाची त्यांच्या डोक्याशी बसून पाठीवरून हात फिरवत होत्या. मला पाहिलं आणि त्या एकदम उठल्या. चाचांनीही उठायचा प्रयत्न केला. सदऱ्याकडे हात गेला त्यांचा.

मी मशीन उचललं आणि बाहेर आले. चाची मागोमाग आल्या. मी जरा रागातच विचारलं, "चाची, हे रोज असतं?"

"रोज."

"मग मला दोन-तीन का सांगता? मी काय पोलीस आहे?"

चाची पदराने हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी मेहमान हाव बाई. आमच्या घरचा चहा पिता, खुर्चीवर बसता. मेहमानासमोर घरचा माणूस रडते का? तुमी तं रडसान का तुमच्या घरी?"

मी गाडीत येऊन बसले. गेडामभाऊंनी गाडी सुरू केली नाही, माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "खरं हाय ना बाई. माझ्या बापाले पाहायले पाहुणे येत. मरणाच्या आदल्या दिवशी बी तो म्हणे, 'बरा हाव. तुमचा धान कसा हाय?'"

सगळीकडे असंच होतं. गेल्या काही वर्षांत घेतलेले सगळे आकडे माझ्या डोळ्यांपुढून जायला लागले. चहा घेऊन घेतलेले आकडे. आमच्याकडे पाहुण्याला दुखणं सांगत नाहीत. पाहुण्याने विचारलं तर "बरं हाय" म्हणायचं असतं. आणि मी घरोघर आधी पाहुणी होत होते, मग विचारत होते.

सोपा उपाय मॅडमनी सांगितला. "चहा घ्यायचा नाही. नियम करून टाकू." त्या पुण्याच्या बाजूच्या. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी बरं म्हटलं. दुसऱ्या एका घरी तसं करूनही पाहिलं. आमच्याच समाजाचं घर, रोगी एक निवृत्त शिपाई. त्यांच्या सुनेने चहा आणला, मी म्हटलं, "आज नको." ती कप हातात धरून उभी राहिली. रोग्याने विचारलं, "बाई, आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आपलंच तं आहे. मग काऊन नाई घेत?" मी घेतला. आजोबा आठवले. तो रस्ता माझ्यासाठी बंद होता.

पुढच्या आठवड्यात युसूफचाचांकडे गेले तेव्हा गेडामभाऊंना गाडी वळणावरच लावायला सांगितली. पुढच्या दाराने न जाता परसातून गेले. चाची चुलीपुढे होत्या, पातेल्यात पाणी ठेवत होत्या.

मी म्हटलं, "सरका चाची. आज चहा मी करते."

"हे काय बाई! तुमी बसा तिकडं."

"नाही बसत. साखरेचा डबा कुठी हाय?"

मी त्यांची बोली मुद्दाम बोलले की आपोआप, ते मला माहीत नाही. चाची माझ्याकडे पाहत राहिल्या, मग फळीवरच्या डब्याकडे बोट केलं. पत्ती कुठे, आलं कुठे, एक-एक विचारत मी चहा केला. फुलाफुलांच्या कपबशा बाजूला ठेवल्या आणि घरचे स्टीलचे पेले घेतले. शबनम हसायला लागली. "नानी, ह्या तं कामाले लागल्या." बाहेरच्या खोलीतून चाचांचा आवाज आला, रुमालाआडून, "कोण आलं?"

"कोणी नाई," चाची म्हणाल्या. "आपलीच बाई हाय."

मी पेला घेऊन गेले. चाचा पडलेले होते. मला पाहून उठायला लागले, सदरा शोधायला लागले. मी खुर्ची भिंतीला लावली आणि खाटेपाशी खाली बसले.

"बाई, खुर्चीवर बसा."

"चहा करणाऱ्या बाईला खुर्ची कोण देते, चाचा?"

"तुमी हे काय लावलं?"

"तुमी काय लावलं? दोन-दोन म्हणून राह्यले इतके दिवस."

मी ड्रेसिंग उघडलं. हात जखमेत असताना, वर न बघता विचारलं.

"आठ," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "रातीले आकडा नाई, बाई."

मॅडमनी त्याच दिवशी मॉर्फिन लिहिलं. ते सुरू झालं की लगेच सगळं छान होतं असं नाही. पहिले काही दिवस चाचा झोपूनच राहिले, चाची घाबरल्या, एका नातेवाइकाने सांगितलं की ही गोळी म्हणजे शेवटची गोळी. पोट साफ होईना, त्याचं औषध द्यावं लागलं. मी दर एक-दोन दिवसांनी परसातून जात होते आणि चहा करत होते. चौकोनातला आकडा खाली येत होता. सहा, पाच, मग चार. चारच्या खाली तो कधी आला नाही. पण ते चार खरे होते.

बांगड्यांच्या दिवशी मी गेले ती ड्रेसिंग करायला. घर माणसांनी भरलं होतं. चाचांनी धुतलेला सदरा घातला होता, या वेळी मला वाईट वाटलं नाही. खाली चटईवर बसून त्यांनी जुनी पेटी उघडली. शबनमचा हात पाण्याने ओला करून आपल्या हातात घेतला, अंगठ्याची मुळी दाबून पंजा लहान केला, आणि हिरवी काच सरकवायला सुरुवात केली. एक, मग दुसरी. हात थरथरत होते, पण काच पकडली की थांबत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचं पातेलं घेऊन उभी होते. आत बायकांची गर्दी, बाहेर पाहुणे, मीच करत होते चहा.

अंगठ्यापाशी एक बांगडी अडली. चाचांनी जोर लावला, ती सरकली. त्यांनी रुमाल बाजूला केला आणि नातीकडे पाहून विचारलं, "दहापैकी किती दुखलं?"

सगळ्या बायका हसल्या. शबनम मान खाली घालून म्हणाली, "शून्य, नाना."

चाचांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. चटईच्या काठावर तिचे पाय होते, अंगठे आत वळून घट्ट रुतलेले. तिकडे पाहून त्यांनी पुढची बांगडी पेटीत परत ठेवली आणि एक मोठी शोधायला लागले. मी चहा पेल्यांत ओतायला आत गेले.